निवेदन वाचायचं की सांगायचं? टेलिप्रॉम्प्टरविषयी थोडं

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने टेलिप्रॉम्प्टरवर काय बोलावं, असा प्रश्न पहिल्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवर दिसतो आहे. आमच्या घरीही तो कालच विचारला गेला. तेव्हा हा विषय आमच्या वाट्याला कसा आला, ते आधी सांगतो.

२०२० सालची गोष्ट. टाळेबंदी होती. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचं निधन झालं. महाविद्यालयाने ठरवलं की श्रद्धांजलीचं निवेदन ज्येष्ठ म्हणून आम्ही करावं आणि ते ध्वनिचित्रमुद्रित करून सगळ्यांना पाठवावं. मजकूर कार्यालयाकडून आला. शेजारच्या एका विद्यार्थ्याने मोबाईल, एक काच आणि काळं फडकं अशी जुळवाजुळव करून घरच्या घरी टेलिप्रॉम्प्टर उभा केला. आम्ही वाचलं. एकही अक्षर चुकलं नाही, कुठे अडखळलो नाही, एका दमात काम झालं. मनातून थोडे खूशच होतो. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही स्पष्ट वाचलंत हो. पण ह्यांच्याबद्दल बोलताय असं काही वाटलं नाही. बातम्या लागल्यासारखं वाटलं."

वहिनींच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग आम्ही ते मुद्रण पाच-सहा वेळा पाहिलं. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, उंदरासारखे पळत होते. हनुवटी वर उचललेली. "यांच्या पश्चात पत्नी व एक मुलगी असा परिवार आहे" हे वाक्य आणि "कार्यालय सोमवारी बंद राहील" हे वाक्य, दोन्हींचा वेग एकच! कारण वेग आमचा नव्हताच, तो मोबाईलने ठरवलेला होता. हे असं का झालं, याचा शोध घ्यायला आम्ही निघालो आणि त्यातून आजचं हे बोलणं झालं आहे.

यंत्र अगदी साधं आहे. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत तिरकी बसवलेली एक काच. काचेच्या खाली आडवा पडदा, त्यावर मजकूर उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं, ते आपल्याला सुलटं दिसतं. काचेच्या मागे कॅमेरा, त्याच्याभोवती काळं कापड. काच अशी असते की काही प्रकाश परतवते आणि उरलेला आरपार जाऊ देते. त्यामुळे आपल्याला अक्षरं दिसतात आणि कॅमेऱ्याला फक्त आपण दिसतो. सभेतल्या व्यासपीठावर वक्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काठीवर उभ्या दोन काचा दिसतात, तिथेही हेच तत्त्व. पडदे जमिनीवर असतात.

हे आलं अमेरिकेतून, १९५० च्या सुमारास, आणि आलं ते नटांसाठी. दूरचित्रवाणीवर रोजच्या मालिका सुरू झाल्या, रोज नवे संवाद पाठ करायचे, ते कुणाला जमेना. फ्रेड बार्टन हे नट, ह्युबर्ट श्लॅफ्ली हे अभियंते आणि अर्व्हिंग कान, या तिघांनी गुंडाळीवरचा मजकूर फिरवणारं यंत्र बाजारात आणलं. १९५२ साली शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात माजी अध्यक्ष हूव्हर यांनी ते वापरलं, आणि तिथून राजकारणात त्याचा शिरकाव झाला. म्हणजे पाठांतर नसताना पाठ असल्यासारखं दिसणं, हा या यंत्राचा जन्मापासूनचा धर्म.

आता इथे आमच्या विषयातला माणूस लगेच कान टवकारतो. कारण ही गोष्ट जुनी आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात तरुण फीड्रस सॉक्रेटिसला भेटतो. लिसियसचं भाषण आपल्याला साधारण आठवतं, ते सांगून पाहतो, असं तो म्हणतो. सॉक्रेटिस म्हणतो, ते सांगशील नंतर, आधी डाव्या हातात अंगरख्याखाली काय धरलं आहेस ते दाखव. अर्थात तिथे लिहिलेलं भाषणच असतं! पुढे त्याच संवादात सॉक्रेटिसची लेखनावरची तक्रार येते: लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात, जिवंत दिसतात, पण प्रश्न विचारला तर गप्प राहतात. टेलिप्रॉम्प्टर हा फीड्रसचा अंगरखाच आहे, फक्त काचेचा.

मग हे फसवणं आहे का? आमच्या मते भाषणाच्या बाबतीत प्रश्न योग्य आहे, निवेदनाच्या बाबतीत मात्र तो चुकीच्या जागी पडतो. निवेदकाने स्वतःचा विचार मांडावा अशी कुणाची अपेक्षाच नसते. समजा, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडणार आहेत. किती वाजता, किती क्युसेक, कोणत्या भागातल्या लोकांनी हलायचं, हे सगळं अचूक हवं. तिथे निवेदकाने आठवून बोलणं हा गुन्हा ठरेल. निवेदन लिहिलेलंच असावं आणि लिहिल्याप्रमाणेच बोललं जावं. निवेदक आपला आवाज उसना देतो. पण आवाज उसना दिला म्हणून समजही गहाण टाकायची का? वहिनींची तक्रार होती ती इथे.

आपल्याकडे याचा विचार फार बारकाईने झालेला आहे. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकांचे सहा प्रकार दिले आहेत. गाण्यासारखं हेल काढून म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं पाहून वाचणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि बारीक आवाजाचा. आम्ही आमचं मुद्रण या यादीशी ताडून पाहिलं. मायक्रोफोन असल्याने बारीक आवाज तेवढा माफ. बाकी पाचही दोष कमी-अधिक हजर! गंमत अशी की त्यातल्या चौथ्या दोषापासून, म्हणजे पाहून वाचण्यापासून, बाकीचे जन्माला येतात.

हेल कसा येतो बघा. प्रॉम्प्टरवर ओळ लहान असते. डोळा ओळीच्या शेवटी पोचला की आवाज तिथे वर जातो किंवा पडतो, वाक्य संपलेलं असो वा नसो. मग प्रत्येक ओळीला एकच चाल लागते. यावर उपाय वक्त्याकडे नसून मजकूर मांडणाऱ्याकडे आहे. ओळ यंत्राला तोडू देऊ नका, अर्थाप्रमाणे तुम्ही तोडा. त्याच ग्रंथात चांगल्या पाठकाच्या गुणांत पदच्छेद आहे, तो हाच. एका ओळीत तीन-चार शब्द, आणि जे शब्द एका श्वासात जायला हवेत ते एकत्र. "धरणाच्या" एका ओळीत आणि "खालच्या बाजूला" दुसरीत, असं करू नये. ओळ आखूड ठेवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे डोळे पळत नाहीत. कॅमेरा पाच-सहा फूट लांब ठेवला, अक्षर मोठं केलं, आणि वाचायची ओळ भिंगाच्या अगदी समोर येईल अशी ठेवली की बुबुळांची हालचाल जवळजवळ दिसेनाशी होते.

घाईचं कारण आम्ही सांगितलंच. यंत्र आपल्या मागे चालायला हवं, आपण यंत्रामागे नव्हे. स्टुडिओत मजकूर फिरवायला माणूस बसलेला असतो, तो निवेदकाचं बोलणं ऐकत ऐकत मजकूर सरकवतो. निवेदक थांबला की तोही थांबतो. तबल्याची साथ करणाराच म्हणा ना. घरी मोबाईलवर ठरावीक वेगाने मजकूर पळतो आणि आपण त्याच्यामागे धावतो. निवेदन महत्त्वाचं असेल तर कुणाला तरी शेजारी बसवा आणि मजकूर हाताने सरकवायला सांगा. त्या माणसाबरोबर एकदा तरी तालीम करा.

आता आपल्या मराठीची खास अडचण, आणि आम्हाला ही सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याच्याही नंतर येतो. "उद्या सकाळी ८ वाजल्यापासून नदीकाठचा रस्ता दुचाकींसाठी खुला राहणार", इथपर्यंत निवेदक प्रसन्न चेहऱ्याने येतो, आणि पुढच्या ओळीत "नाही" उगवतं! चेहरा एक सांगतो, वाक्य दुसरं. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त म्हटलं आहे की वाक्य हे अखंड असतं. पदं ही आपण समजुतीसाठी पाडलेली फोड. ऐकणाऱ्याला अर्थ तुकड्यातुकड्याने मिळत नाही, तो एकदम उमलतो. आम्ही हे अनेक वर्षं वर्गात शिकवलं, पण बोलणाऱ्याला ते किती लागू आहे हे कळलं त्या काचेसमोर. वाक्य तोंडातून निघण्याआधी पूर्ण मनात हवं. म्हणून पडद्यावर पुढच्या तीन-चार ओळी दिसत राहतील एवढंच अक्षर मोठं करावं. आणि लिहितानाच "खुला राहणार नाही" ऐवजी "बंद राहील" लिहावं. पाण्याच्या निवेदनात तर "नदीपात्रात उतरू नका" हे आधी, कारण आणि क्युसेक नंतर.

आकड्यांचंही तसंच. ५९ पाहिलं की डोळ्याला पाच दिसतात आणि जिभेला साठाचं नाव घ्यावं लागतं, एकोणसाठ. पळत्या मजकुरात इथे भले भले घसरतात. प्रॉम्प्टरवर आकडे अक्षरांत लिहावेत. २,५०,००० न लिहिता "अडीच लाख", १५० न लिहिता "दीडशे". 'च' आणि 'ज' यांचे आपल्याकडे दोन दोन उच्चार, लिपीत खूण एकच. "जरा" म्हणजे थोडं आणि "जरा" म्हणजे म्हातारपण. "चार" आणि "चारा". नवख्या निवेदकासाठी अशा जागी आधीच काही खूण करून ठेवावी. फॉन्टही जाड घ्यावा आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडावी, नाहीतर खालच्या ओळीचा रफार आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांत अडकतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आला तर आणखी पंचाईत. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर वेलांट्या जागा सोडतात, तेव्हा एकदा सगळा वाचून पाहावा.

एक गमतीची सूचना. "इथे थांबा", "इथे हसा" असल्या सूचना मजकुरात लिहू नका. त्या वाचल्या जातात! आमच्या नातवाने 'अँकरमन' नावाचा २००४ सालचा विनोदी चित्रपट दाखवला. त्यातला वृत्तनिवेदक समोर येईल ते वाचतो, चुकून पडलेलं प्रश्नचिन्हसुद्धा. नातू हसत होता, आम्हाला मात्र अनर्थज्ञ पाठक आठवला. थांबायचं असेल तिथे दोन कोऱ्या ओळी सोडाव्यात. रिकामी जागा कुणी मोठ्याने वाचत नाही.

आणि यंत्र बंद पडलं तर? २२ सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन आरोग्यसेवेच्या योजनेवर संसदेसमोर बोलायला उभे राहिले, तर काचेवर फेब्रुवारीतलं जुनं भाषण! योग्य मजकूर सापडून लागेपर्यंत काही मिनिटं ते त्याशिवाय बोलत राहिले, आणि ऐकणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. विषय त्यांनी आधी पचवलेला होता म्हणून हे जमलं. आपण अध्यक्ष नाही. आपण छापील प्रत हाताशी ठेवावी, आणि यंत्राबरोबर तिचीही पानं उलटत राहावीत. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात वृत्तनिवेदक कागदाकडे बघत, मग मान वर करून आपल्याकडे बघत. त्यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. कागद दिसतो आहे आणि माणूसही दिसतो आहे, असा तो रोकडा व्यवहार होता.

वहिनींचं राहिलंच. आम्ही ते निवेदन पुन्हा मुद्रित केलं, फक्त त्यांच्या घरच्यांसाठी. या वेळी मजकूर स्वतः लिहिला, आदल्या रात्री चार वेळा मोठ्याने वाचला. विद्यार्थी मजकूर हाताने सरकवत होता. मित्राच्या नावानंतर त्याला थांबायला सांगितलं होतं, आणि नावाच्या आधी दोन कोऱ्या ओळी होत्या. तिथे पोचल्यावर आम्हाला पुढचं काही वेळ बोलता आलं नाही. पोरगं शहाणं, त्याने मजकूर हलवला नाही आणि मुद्रणही थांबवलं नाही. तो थांबलेला भाग आम्ही कापला नाही. वहिनींनी फोन केला नाही. त्यांच्या मुलीचा दोन ओळींचा निरोप आला, की आईने ते तीन वेळा लावलं.

वेळ झाली आहे, एकच प्रश्न घेतो. मागून चिठ्ठी आली आहे: "वाचताना हनुवटी वर का जाते?" छान प्रश्न, आणि उत्तर वयाचं आहे. आमच्यासारख्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह असतो, त्यात वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात. पाच-सहा फुटांवरची अक्षरं वरच्या भागातून नीट दिसत नाहीत, म्हणून मान आपोआप मागे जाते आणि कॅमेऱ्यात माणूस तोऱ्यात दिसतो. चष्म्याच्या दुकानात जाऊन तेवढ्याच अंतराचा एकच नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्यावा. फ्रेम साधी चालते. आम्ही आत्ता लावलेला तोच आहे, म्हणून तुमची चिठ्ठी वाचायला जरा वेळ लागला.