इनॉक्युअस : निरुपद्रवी शब्दाचं खानदान

क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकताना 'इनॉक्युअस डिलिव्हरी' कानावर येतं. म्हणजे ज्यात काही दम नाही असा चेंडू. आणि हे विशेषण बहुतेक वेळा विकेट पडल्यावरच आठवतं! इनॉक्युअस म्हणजे निरुपद्रवी, ज्याच्यापासून अपाय नाही असं.

मूळ लॅटिन. 'नोकेरे' म्हणजे इजा करणे, त्याआधी नकाराचा 'इन'. याच घरातले इनोसंट, नॉक्शस (अपायकारक) आणि चक्क आपला रोजचा न्यूसन्ससुद्धा. भाषाशास्त्रज्ञ या धातूचं नातं संस्कृतच्या 'नश्'शी जोडतात. म्हणजे आपला 'नाश' हा इनॉक्युअसचा लांबचा चुलत भाऊ. मला तरी हे कळल्यावर फार मजा वाटली.

वापरताना एक फरक सांभाळा. इनोसंट सहसा माणूस असतो. इनॉक्युअस बहुधा शेरा, प्रश्न, पदार्थ किंवा प्राणी. धामण इनॉक्युअस, कारण ती बिनविषारी. पण तिला इनोसंट म्हटलं तर हसू येईल. शरीरातल्या निरुपद्रवी गाठीसाठी डॉक्टर वेगळाच शब्द वापरतात, बिनाइन. 'इनॉक्युअस-लुकिंग' म्हटलं की मात्र सावध व्हा, पुढे काहीतरी उलटं येणार असतं.

स्पेलिंगमध्ये एन दोन. इनॉक्युलेट, म्हणजे लस टोचणे, यात एकच, कारण त्याचं कूळ वेगळं: लॅटिन 'ओक्युलस', डोळा. झाडाच्या डोळ्यालाही तोच शब्द, आणि इनॉक्युलेटचा जुना अर्थ डोळा बांधून कलम करणे.

त्या विकेट घेणाऱ्या साध्या चेंडूला मराठीत काय म्हणाल? कमेंटमध्ये सांगा.