मोबाईलची जुनी बॅटरी फोडू नका

मोबाईल, लॅपटॉप, चार्जिंगची विजेरी, काही फवारणी पंप आणि आता विजेवर चालणाऱ्या दुचाक्या, या सर्वांत लिथियम-आयन बॅटरी असते. जळकोटसारख्या गावात ती निकामी झाली की कपाटावर पडून राहते व एक दिवस भंगारात जाते. तिच्यात मौल्यवान धातू असतात हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. ते खरेही आहे. परंतु हातोडीने किंवा जाळून ते हाती लागत नाहीत; आजार मात्र मागे लागतो.

बॅटरीच्या आत तांब्याचे व अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे गुंडाळलेले असतात. त्यांवर काळा लेप असतो. खरे मोल या लेपातील कोबाल्ट, निकेल, मँगनीज व लिथियम यांचे. मोबाईलच्या एका बॅटरीत कोबाल्ट काही ग्रॅमच भरते. (दुचाक्यांच्या अनेक बॅटऱ्यांत तर लोखंड व फॉस्फेट असते, कोबाल्ट नसतेच!) शिवाय हे धातू संयुगांच्या रूपात असल्याने तार जाळून तांबे काढावे तसे ते निघत नाहीत.

बॅटरीत थोडी वीज शिल्लक असताना छन्नी बसली, तर आतल्या आत शॉर्ट होऊन क्षणात भडका उडतो. आतील द्रवात फ्लोरीनयुक्त क्षार असतो. उष्णता व ओलावा लागताच त्यापासून हायड्रोजन फ्लोराइड हा जहाल वायू तयार होतो. डोळे व घसा जळजळतो, फुप्फुसांना सूज येते. ही सूज कधी काही तासांनंतर दिसते. म्हणून धुरात सापडलेला माणूस "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी त्यास दवाखान्यात न्यावे. काळी भुकटी रोज श्वासावाटे गेल्यास कोबाल्टमुळे दम्यासारखा विकार जडू शकतो. निकेलमुळे कातडीला खाज सुटते.

कारखान्यात बॅटरीतील उरलेली वीज आधी काढून टाकतात, बंद यंत्रात तिचे तुकडे करतात व काळी भुकटी आम्लात विरघळवून एकेक धातू वेगळा करतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-मेट' या सरकारी संस्थेच्या हैदराबाद केंद्रात असे तंत्र विकसित झाले. त्याने लिथियम, कोबाल्ट, मँगनीज व निकेल 95 टक्क्यांहून अधिक परत मिळतात. 2023 मध्ये ते 9 उद्योगांना देण्यात आले.

2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरास पाठविण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. इतर कचऱ्यापासून ती वेगळी ठेवणे हे आपले काम. तेव्हा नवी बॅटरी घेताना जुनी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात द्यावी. तोवर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.

फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. घरातील कापड-कागदापासून दूर, वाळूच्या डब्यात ठेवावी. द्रव अंगावर उडाल्यास कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास निदान 15 मिनिटे पाण्याची धार धरावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. जाताना बॅटरी कोणत्या प्रकारची होती हे त्यांना आवर्जून सांगावे.