विश्लेषण : बाइक इंजिन ऑइल का ‘खाते’? इंजिन उघडण्याआधी काय तपासावे?

सर्व्हिसिंग होऊन दोन महिने झालेले असतात. गाडीखाली ऑइलचा डाग नसतो, गाडी चालतेही नीट. तरी डिपस्टिक बाहेर काढली की ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले दिसते. एअर-कूल्ड बाइक वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. त्यावर गॅरेजमध्ये बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक, ‘जुनी गाडी आहे, टाकत राहा’. दुसरे, ‘हाफ इंजिन काम करावे लागेल’. पहिले उत्तर ऐकून दुर्लक्ष केले तर इंजिन जाम होऊ शकते. दुसरे लगेच मान्य केले तर एखाद्या छोट्या रबरी सीलसाठी अख्ख्या बोअर-पिस्टनचा खर्च होऊ शकतो. ज्यांची रोजची कमाई बाइकवर आहे, त्यांच्यासाठी दोन्ही चुका महागच. त्यामुळे ऑइल किती जाते आणि कुठून जाते, हे आधी समजून घेणे गरजेचे आहे.

एअर-कूल्ड इंजिनमध्ये ऑइल इतके महत्त्वाचे का?

स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन यांसारख्या रोजच्या वापरातील बाइकमध्ये रेडिएटर आणि कूलंट नसते. सिलिंडरभोवतीच्या पात्यांवरून जाणारा वारा इंजिन थंड ठेवतो. मात्र पिस्टन आणि हेडमधील कॅमशाफ्टपर्यंत वारा पोहोचत नाही. तिथली उष्णता वाहून नेण्याचे काम ऑइल करते. बहुतेक बाइकमध्ये हेच ऑइल गिअरबॉक्स आणि क्लचलाही पुरवले जाते. म्हणजे एकाच ऑइलवर तीन-चार कामांचा भार असतो.

१०० ते १२५ सीसीच्या बाइकमध्ये ऑइल साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी असते. त्यातले ३०० मिली गेले, की जवळपास एक तृतीयांश साठा संपतो. उरलेले ऑइल जास्त तापते, लवकर पातळ होते आणि लवकर खराब होते. चढावर किंवा वळणावर पंपाच्या तोंडाशी हवा येऊ लागली, तर आधी वरच्या बाजूचे कॅम आणि रॉकर कोरडे पडतात. टॅपेटसारखा टक-टक आवाज वाढतो. तरीही गाडी तशीच पळवली, तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. यालाच इंजिन ‘सीझ’ होणे म्हणतात.

ऑइल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा बहुतेक छोट्या बाइकवर नसतो. काही गाड्यांवर असलेला लाल दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नाही. तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

ऑइल नेमके जाते कुठे?

वाटा मोजक्या आहेत. पहिली वाट गळतीची. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, ड्रेन बोल्टचा वॉशर, क्लच कव्हर आणि पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचे ऑइल सील ही नेहमीची ठिकाणे. स्प्रॉकेटजवळची गळती अनेकदा लक्षात येत नाही, कारण तिथे चेनचे वंगण आणि धूळ आधीच साचलेली असते. चालत्या गाडीतून गळणारे ऑइल वाऱ्याने मागे उडते, त्यामुळे पार्किंगमध्ये डाग पडत नाही. इंजिन धुऊन, कोरडे करून, २० ते ३० किलोमीटर चालवून पुन्हा पाहिले की ओली जागा सापडते.

दुसरी वाट ब्रीदरची. इंजिनच्या आतला दाब बाहेर जाण्यासाठी एक नळी एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेली असते. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरले तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि ते या नळीतून बाहेर पडते. एअर फिल्टर ऑइलने ओला असेल, तर आधी पातळी आणि ही नळी तपासावी. नळी दबलेली किंवा चोंदलेली असली तरी आतला दाब वाढून चांगली सीलही गळू लागतात.

तिसरी वाट व्हॉल्व्ह सीलची. व्हॉल्व्हच्या दांडीवर बसवलेले हे छोटे रबरी सील वरचे ऑइल ज्वलनकक्षात जाऊ देत नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते आणि ऑइल झिरपू लागते. व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ते गाइड झिजले असेल, तर नवे सीलही फार टिकत नाही.

चौथी वाट रिंग आणि सिलिंडरची. सहा हजार आरपीएमला पिस्टन दर सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो. प्रत्येक वेळी सर्वांत खालची ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली आणते. ती कार्बनने चिकटली किंवा झिजली, की ऑइल वर राहते आणि पेट्रोलबरोबर जळते. या झिजेमागे अनेकदा फाटका किंवा कचऱ्याने भरलेला एअर फिल्टर असतो. उसाच्या किंवा कापसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीत बारीक धूळ शिरली, तर ती पॉलिश पेपरसारखी रिंग आणि सिलिंडर घासते.

किती ऑइल गेले की ‘जास्त’ म्हणायचे?

सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहावाच लागतो. त्यातला थोडा भाग प्रत्येक इंजिनमध्ये जळतो. एअर-कूल्ड इंजिनचे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे आणि वेगाप्रमाणे बरेच बदलते. त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, शहरातील कोंडीत किंवा महामार्गावर सतत पूर्ण रेसवर ऑइल थोडे अधिक जाणे अनपेक्षित नाही. सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. आपल्या गाडीचा आकडा काढावा आणि तो वाढतो आहे का, हे पाहावे.

मोजण्याची पद्धत सोपी आहे :

- गाडी सपाट जागी मेन स्टँडवर किंवा अगदी सरळ उभी करावी. इंजिन तीन ते पाच मिनिटे चालू ठेवून बंद करावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे.
- डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. अनेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. आटे फिरवून पाहिल्यास पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. काही गाड्यांत डिपस्टिकऐवजी काचेची खिडकी असते. आपल्या गाडीची पद्धत पुस्तिकेत पाहावी.
- ऑइल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरून ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवावा.
- ५०० किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने पाहावे. वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागले, ते औषधाच्या सिरिंजने किंवा खुणांच्या बाटलीने मोजावे.

समजा, ५०० किलोमीटरमध्ये ६० मिली लागले. म्हणजे हजार किलोमीटरला १२० मिली. इंजिनमध्ये एकूण ९०० मिली ऑइल बसत असेल आणि मध्ये भर घातली नाही, तर तीन हजार किलोमीटरमध्ये ३६० मिली, म्हणजे ४० टक्के ऑइल संपेल. अनेक कम्युटर बाइकच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्याचा टप्पा पाच ते सहा हजार किलोमीटरचा असतो. अशी गाडी त्या टप्प्यापर्यंत न तपासता चालवणे धोक्याचे आहे, हे या साध्या गणितातून कळते.

पातळी कमी न होता वाढत असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल इंजिनमध्ये उतरते आहे. असे ऑइल पातळ झालेले असते. ते बदलावे आणि कार्बोरेटर किंवा इंजेक्टरची तपासणी करून घ्यावी.

धुरावरून काय कळते?

ऑइल जळल्याचा धूर निळसर असतो आणि त्याला उग्र वास येतो. सकाळी थोडा वेळ दिसून नाहीसा होणारा पांढरा धूर बहुधा पाण्याची वाफ असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. निळा धूर कधी येतो, हे त्याच्या रंगाइतकेच महत्त्वाचे.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळा झोत येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट रेस सोडून, गिअरमध्ये उतरल्यानंतर पुन्हा रेस देताच धूर आला, तरी बहुधा तेच कारण. रेस बंद असताना इनटेक बाजूला निर्वात वाढतो आणि सैल सीलमधून ऑइल आत खेचले जाते. याउलट चढावर किंवा डबलसीट असताना, रेस असेपर्यंत धूर सतत येत राहिला आणि पिकअपही कमी झाला, तर रिंग किंवा सिलिंडरकडे पाहावे लागते.

कमी प्रमाणात जळणारे ऑइल डोळ्यांना दिसतही नाही. बीएस-६ गाड्यांमध्ये सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराचा काही भाग लपवतो. त्यामुळे ‘धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाही’ असे समजू नये. शिवाय ऑइलमधील फॉस्फरससारखे घटक या कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतात.

इंजिन न उघडता आणखी काय तपासता येते?

स्पार्क प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोलचे प्रमाण बिघडले आहे. टोक काळे, ओले आणि तेलकट असेल तर ऑइल ज्वलनकक्षात पोहोचते आहे.

त्यानंतर कॉम्प्रेशन चाचणी. इंजिन गरम असताना प्लगच्या जागी गेज लावून, रेस पूर्ण उघडी ठेवून किक मारतात. दाब कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब लक्षणीय वाढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजले आहे, कारण टाकलेल्या ऑइलने ती फट तात्पुरती बुजवलेली असते. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेले आहे.

कॉम्प्रेशन चांगले असूनही ऑइल जाऊ शकते. व्हॉल्व्ह सीलचा कॉम्प्रेशनशी संबंध नसतो आणि ऑइल रिंग बिघडली तरी वरच्या दोन रिंगा दाब धरून ठेवू शकतात. त्यामुळे मोजलेला खप, धुराची वेळ, प्लग आणि कॉम्प्रेशन या चारही गोष्टी एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढावा.

जाड ऑइल टाकून भागते का?

१०डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० टाकले की धूर कमी होतो, हा सल्ला सर्रास दिला जातो. जाड ऑइल फटीतून कमी झिरपते, हे खरे. पण थंड इंजिन सुरू होताना ते हेडपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज तिथेच राहते. पुस्तिकेत एकाहून अधिक ग्रेड दिलेल्या असतील, तर उन्हाळ्यात त्यांतील जाड ग्रेड वापरायला हरकत नाही. त्याबाहेर जाणे म्हणजे दुखणे झाकणे.

कारचे ऑइल टाकणे टाळावे. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यांनी क्लच घसरतो. बाइकच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहावी. ‘एमबी’ खुणेचे ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते. ऑइल गळती थांबवण्याचा दावा करणारी रसायनेही क्लचला बाधू शकतात आणि झिजलेली रिंग त्यांनी पूर्ववत होत नाही.

इंजिन उघडावेच लागले तर?

बहुतेक सिंगल सिलिंडर बाइकमध्ये व्हॉल्व्ह सील बदलायलाही हेड उतरवावे लागते. हेड निघाल्यावर सिलिंडर डोळ्यांनी पाहता येतो. भिंतीवर तिरक्या रेषांची बारीक जाळी दिसत असेल आणि उभे ओरखडे नसतील, तर सिलिंडर चांगला असण्याची शक्यता आहे. नख अडकेल असा उभा ओरखडा असेल, तर केवळ रिंगा बदलून उपयोग होत नाही.

मेकॅनिककडे तीन मोजमापे मागावीत : पिस्टन आणि सिलिंडरमधील फट, रिंगच्या टोकांमधील अंतर आणि व्हॉल्व्ह गाइडमधील हालचाल. या प्रत्येकाची मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. सिलिंडर मर्यादेत असेल तर होनिंग करून नव्या रिंगा बसवता येतात. मर्यादेबाहेर गेला असेल आणि आत लोखंडी स्लीव्ह असेल, तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. आत निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असलेला सिलिंडर मात्र नेहमीच्या पद्धतीने बोअर करता येत नाही, तो बदलावा लागतो. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत.

काम झाल्यावर पहिले ५०० ते १,००० किलोमीटर सतत पूर्ण रेस, जास्त ओझे आणि उभ्या गाडीत बराच वेळ इंजिन चालू ठेवणे टाळावे. रिंगा बसेपर्यंत ऑइल थोडे जास्त जाऊ शकते, म्हणून या काळात पातळी दर आठवड्याला पाहावी. त्यानंतर पुन्हा ५०० किलोमीटरचे तेच मोजमाप करावे. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आकडा समोर ठेवला, की खर्च योग्य ठिकाणी झाला की नाही, हे कळते.

दुरुस्तीला लगेच पैसे नसतील तर?

खप मोजलेला असेल आणि तो झपाट्याने वाढत नसेल, तर गाडी काही काळ चालवता येते. अट एकच. पातळी दोन खुणांच्या वरच्या अर्ध्यात राहिली पाहिजे. त्यासाठी दर दुसऱ्या-तिसऱ्या पेट्रोल भरणीला डिपस्टिक पाहावी, त्याच ग्रेडची छोटी बाटली गाडीसोबत ठेवावी आणि वरच्या खुणेपलीकडे कधीही भरू नये. भर घातली म्हणून ऑइल बदलण्याचा टप्पा पुढे ढकलू नये, कारण जुन्या ऑइलमधील घाण आतच असते. टॅपेटचा आवाज अचानक वाढला, गाडी ओढेनाशी झाली किंवा खप महिन्याभरात दुप्पट झाला, तर मात्र थांबावे. त्या टप्प्यावर गाडी मेकॅनिककडे टेम्पोने नेणे क्रँकपर्यंतच्या पूर्ण इंजिन कामापेक्षा स्वस्त पडते.