रक्तद्रवाची श्यानता

रक्तातल्या पेशी वेगळ्या काढल्या की उरतो तो पिवळसर द्रव म्हणजे रक्तद्रव किंवा प्लाझ्मा. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तरी ३७ अंश सेल्सिअस तापमानाला त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला आतून होणारा विरोध, पाण्याच्या साधारण पावणेदोन पट भरते. क्षार आणि साखर यांचा यात वाटा किरकोळ. ही वाढ प्रामुख्याने प्रथिनांमुळे होते.

मात्र प्रथिन किती आहे यापेक्षा त्याचा रेणू किती मोठा आणि कोणत्या आकाराचा आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. अल्ब्युमिन सर्वांत विपुल, लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम; पण त्याचा रेणू लहान आणि आटोपशीर असल्याने प्रवाहात फारसा आड येत नाही. फायब्रिनोजेन लिटरमागे जेमतेम २ ते ४ ग्रॅम असते. त्याचा रेणू मात्र सुमारे ४५ नॅनोमीटर लांब. वाहताना गरगरत तो स्वतःच्या आकारमानापेक्षा कितीतरी मोठी जागा अडवतो. जंतुसंसर्ग किंवा संधिवातासारख्या दाहात यकृत फायब्रिनोजेन अधिक बनवते आणि श्यानता चढते. त्याच्यामुळेच तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात व त्या खाली बसण्याचा वेग, म्हणजे ईएसआर, वाढतो. ब्रिटनमधल्या काही प्रयोगशाळा तर ईएसआरऐवजी रक्तद्रवाची श्यानताच मोजतात.

श्यानता वाढण्याचे टोकाचे रूप स्वीडिश वैद्य यान वाल्डेनस्ट्रम यांनी १९४४ मध्ये वर्णिले. त्यांनी वर्णिलेल्या कर्करोगात आयजीएम हे अवाढव्य प्रतिपिंड बेसुमार तयार होते. नाकातून, हिरड्यांतून रक्त येते, डोके दुखते, नजर धूसर होते; दृष्टिपटलावरील शिरा फुगतात.

मेदाचा परिणाम एरवी सौम्य असतो. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण वाढले की श्यानता थोडी वाढते, पण त्यांचा खरा धोका धमन्यांच्या भिंतीत साचण्याचा आहे, रक्त दाट होण्याचा नव्हे. ट्रायग्लिसराइड डेसिलिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास चित्र बदलते. मेदाच्या मोठ्या कणांनी रक्तद्रव दुधाळ दिसू लागतो, श्यानता वाढते आणि स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

‘रक्त पातळ करणाऱ्या’ ॲस्पिरिन किंवा वॉरफरिनच्या गोळ्या गुठळी होण्याला आळा घालतात. यापैकी कोणत्याही कारणाने वाढलेली श्यानता त्या उतरवत नाहीत. तिथे कारणावरच उपचार करावा लागतो: दाह शमवणे, आहारातला मेद कमी करणे, औषधांनी ट्रायग्लिसराइड खाली आणणे. आयजीएम वाढून लक्षणे दिसू लागली असतील, तर यंत्राद्वारे रुग्णाचा रक्तद्रव काढून त्याजागी अल्ब्युमिनचे द्रावण देतात. हे प्रतिपिंड बहुतांशी रक्तवाहिन्यांतच राहत असल्याने एक-दोन वेळांतच श्यानता झपाट्याने उतरते. मूळ रोगावरचे औषध मात्र सोबत चालू ठेवावेच लागते.