दोन उंटांची कुपी

तळहातावर मावेल एवढी मातीची चपटी, गोल कुपी. आखूड गळा, त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे कान. मधोमध लष्करी वेशातला एक माणूस उभा, हात प्रार्थनेसाठी दोन्हीकडे उचललेले. पायांशी दोन उंट बसलेले. कित्येक कुप्यांवर माणसाच्या चेहऱ्याच्या जागी झिजून नुसता उंचवटा उरला आहे; उंट मात्र लगेच ओळखू येतात.

हा संत मेनास. रोमन सैन्यातला, ख्रिस्ती श्रद्धेपायी मारला गेलेला. त्याचा देह नेणारा उंट इजिप्तच्या वाळवंटात एका जागी बसला तो उठेचना, दुसऱ्या उंटानंही तेच केलं, म्हणून तिथेच दफन झालं, अशी आख्यायिका आहे. अलेक्झांड्रियाच्या नैऋत्येची ती जागा म्हणजे अबू मेना. पाचव्या-सहाव्या शतकांत तिथे मोठी बॅसिलिका, स्नानगृहं आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होत्या. १९०५ मध्ये कार्ल मारिया काउफमान या जर्मन संशोधकानं तिथे उत्खनन सुरू केलं, तेव्हा कुप्या भाजायच्या भट्ट्याही सापडल्या.

कुपी घडवायची रीत सोपी होती. मऊ माती साच्यात दाबून दोन अर्धी काढायची, कडा जुळवून चिकटवायच्या, गळा आणि कान मागाहून बसवायचे. कडेवरचा सांधा आजही बोटाला लागतो. आत तीर्थाचं पाणी किंवा समाधीपुढच्या दिव्याचं तेल. काही कुप्यांवर ग्रीकमध्ये ‘संत मेनासचा आशीर्वाद’ असं कोरलेलं असतं, पण वाचता न येणाऱ्यालाही दोन उंट पाहून संत कोण ते कळायचं. मागच्या बाजूला कधी जहाज, तर कधी थेक्ला ही ख्रिस्ती स्त्री-संत. लूव्र संग्रहालयातल्या एका कुपीवर ती श्वापदांच्या मध्ये उभी आहे.

अशी एक कुपी थेट इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, मिओल्स इथे मिळाली. सोन्याचांदीच्या वस्तूंपुढे या कुप्या ओबडधोबड दिसतात खऱ्या, पण सामान्य यात्रेकरूनं घरी काय जपून नेलं, हे दाखवणारा याहून जिवंत पुरावा सापडणं कठीण.

यात्रेकरू जेरुसलेमहूनही कुप्या नेत; त्या मात्र मातीच्या नव्हत्या, कथील-शिशाच्या होत्या. लाँबार्ड राणी थिओडेलिंडाशी नाव जोडलेल्या अशा कुप्या इटलीत मोंझाच्या कॅथेड्रलमध्ये आहेत. त्यांवर येशूच्या कबरीकडे येणाऱ्या स्त्रिया आणि समोर बसलेला देवदूत दिसतो. गंमत अशी, की ही कबर बायबलमधल्या खडकातल्या गुहेसारखी नाही. यात्रेकरूंनी जेरुसलेमच्या चर्चमध्ये जी छोटी वास्तू डोळ्यांनी पाहिली, तीच कोरलेली आहे. एका स्त्रीच्या हातात धूपपात्रही आहे, चर्चमधल्या उपासनेत असतं तसं. प्राचीन प्रसंग आणि स्वतःची यात्रा, दोन्ही त्या एका चित्रात.

इसवी सन ५७० च्या सुमारास पियाचेंझाहून आलेल्या यात्रेकरूंपैकी एकानं जेरुसलेममधला विधी नोंदवला आहे. तेलाची कुपी क्रूसाच्या पवित्र लाकडाला टेकवली, की तेल उसळून वर यायचं, आणि तोंड झटकन बंद केलं नाही तर सांडून जायचं.