गुपचूप गिऱ्हाईक

यवतमाळच्या दत्त चौकात तर्री-पोहे खाताना आपण सगळेच परीक्षक! ‘मिस्ट्री शॉपर’ला त्याचेच पैसे मिळतात. साधं गिऱ्हाईक बनून जायचं, ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंतची मिनिटं मोजायची, टेबल पुसायचं फडकं नि बेसिनजवळचा साबण नजरेत ठेवायचा, बिल जपायचं, अहवाल पाठवायचा. जेवणाचा खर्च परत, वर थोडं मानधन. (आधी ‘नोंदणी फी’ मागणाऱ्यापासून चार हात लांब!)

बिलावरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांकही बघा. १ जानेवारी २०२२ पासून तो सक्तीचा आहे.

आणि पदार्थाचीच शंका आली तर? २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ४० आहे: फी भरून तो आपणच तपासून घ्यायचा. तिथे मात्र गुपचूप चालत नाही, विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. पदार्थ कायद्यात न बसणारा निघाला, तर फी परत.