घाटातील चढ आणि रक्तातील लबाडी

बंगळूरहून उत्तरेकडे जाणारा रस्ता देवनहळ्ळीच्या पुढे नंदी टेकडीकडे वळतो. सुटीच्या दिवशी उजाडण्यापूर्वीच या रस्त्यावर सायकलस्वारांचे दिवे एकामागून एक सरकताना दिसतात. सपाट रस्ता संपला, की सात-आठ किलोमीटरांचा वळणावळणांचा चढ लागतो. वर पोहोचणाऱ्याला कोणी बक्षीस देत नाही. तरीही जो तो घड्याळ पाहतो आणि मागच्या खेपेपेक्षा मिनिटभर आधी माथा गाठला, तर दिवसभर खुशीत असतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, त्याचे मोलही याच कारणाने मोठे आहे. चढावर ज्याचे त्याचे बळ उघडे पडते, तिथे लबाडीला वाव नाही, असे आपल्याला वाटते. व्यावसायिक सायकल शर्यतींचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

चढ चढताना शरीरात काय घडते, ते आधी पाहू. पायांच्या स्नायूंना सतत प्राणवायू लागतो. तो फुप्फुसांतून स्नायूंपर्यंत वाहून नेण्याचे काम रक्तातील तांबड्या पेशी करतात. मागणी वाढली आणि पुरवठा अपुरा पडला, की पाय जड होतात. या पेशी किती तयार व्हाव्यात, याचा संदेश मूत्रपिंडात तयार होणारे एक संप्रेरक देते. त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ. १९८०च्या दशकात ते प्रयोगशाळेत बनवणे शक्य झाले. मूत्रपिंडे निकामी झाल्याने ज्यांच्या अंगात रक्त उरत नसे, अशा रुग्णांना या औषधाने मोठा आधार दिला. परंतु लवकरच ते धडधाकट सायकलपटूंच्या हाती गेले. पेशी वाढल्या, की दम टिकतो, हे खरे. पण रक्त दाट होते, त्यात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि हृदयावर ताण येतो.

टूर द फ्रान्स ही या खेळातील सर्वांत मानाची शर्यत. ती १९०३ साली सुरू झाली. आज तीन आठवड्यांत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर, त्यातही आल्प्स व पिरेनीजसारखे पर्वत पार करायचे असतात. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९०४ साली, पहिल्या चारही क्रमांकांचे स्पर्धक लबाडीच्या आरोपावरून बाद झाले. काहींनी आगगाडीने प्रवास केल्याचे बोलले गेले! त्या काळची लबाडी निदान हसण्याजोगी होती. १९६७ साली मोन्त व्हान्तूच्या चढावर, भर उन्हात, टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य सापडले. त्यानंतर हसण्यासारखे काही उरले नाही.

१९९८च्या जुलैत, शर्यत सुरू होण्याच्या तोंडावर, फ्रान्सच्या सीमेवर फेस्टिना संघाची एक मोटार अडवण्यात आली. संघातील मालिश करणारा विली वूट ती चालवत होता. मोटारीत ईपीओ आणि इतर औषधांचा मोठा साठा निघाला. तोवर समजूत अशी होती, की एखादा लोभी खेळाडू चोरून औषध घेतो. इथे तर संपूर्ण संघाची व्यवस्थाच उघडी पडली. फेस्टिना संघाला शर्यतीतून काढण्यात आले.

त्याच संघात ख्रिस्तोफ बासों नावाचा एक तरुण होता. तो औषध घेत नाही, असे त्याच्या सहकाऱ्यांनीच सांगितले होते. १९९९ साली तो दुसऱ्या संघाकडून टूरमध्ये उतरला आणि एका फ्रेंच वृत्तपत्रात शर्यतीविषयी लिहू लागला. उत्तेजकांविषयी त्याने उघडपणे लिहावे, हे इतर सायकलपटूंना रुचले नाही. अनेकांनी त्याच्याशी बोलणे सोडले. आघाडीवर असलेल्या लान्स आर्मस्ट्राँगने तर धावत्या शर्यतीत त्याला गाठून निघून जाण्यास सुनावले. बासोंने ती शर्यत अर्धवट सोडली. २००१ साली तो व्यावसायिक सायकलिंगमधूनच बाहेर पडला. कुठल्याही तपासणीत दोषी न ठरलेल्या माणसाला आपल्याच सोबत्यांमध्ये राहणे असह्य व्हावे, ही गोष्ट मला सापडलेल्या औषधांच्या साठ्यापेक्षाही अधिक गंभीर वाटते.

आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूर जिंकली. कर्करोगातून उठून तो शर्यतीत परतला होता, त्यामुळे जगभरच्या रुग्णांना तो आपला वाटे. शेकडो तपासण्या होऊनही आपण कधी सापडलो नाही, हे त्याचे ठरलेले उत्तर असे. पण न सापडणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. ईपीओ ओळखणारी चाचणी २०००च्या सुमारास आली. मग काढून साठवलेले स्वतःचेच रक्त पुन्हा अंगात चढवण्याचा मार्ग वापरात आला. अखेर त्याला पकडले ते चाचणीने नव्हे, तर साक्षींनी. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेपुढे त्याच्या ११ जुन्या सहकाऱ्यांनी खरे सांगितले. २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि २०१३च्या जानेवारीत त्याने दूरचित्रवाणीवर गुन्हा कबूल केला.

तपासणीची रीत दरम्यान बदलली होती. २००८पासून सायकलपटूंचे ‘जैविक पारपत्र’ ठेवले जाऊ लागले. त्यात केवळ औषध शोधत नाहीत. वर्षानुवर्षे घेतलेल्या रक्ताच्या नोंदी ताडून पाहतात. अनैसर्गिक चढउतार दिसला, की चौकशी होते. लबाडीनेही नवी वाट शोधली. २०१६ साली बेल्जियममधील एका जागतिक स्पर्धेत एका तरुण खेळाडूच्या सायकलीत चक्क लपवलेली मोटार सापडली. तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली.

आपल्या अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवर, असा आता सर्व खेळांचा नियम आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल नरसिंग यादव २०१६ साली उत्तेजक चाचणीत दोषी आढळला. आपल्या खाण्यात कोणीतरी औषध मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. भारतीय संस्थेने ते मान्य केले. पण रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याची कुस्ती होण्याच्या आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. हा नियम कठोर आहे, यात शंका नाही. परंतु ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर सुटका झाली असती, तर आर्मस्ट्राँगसारख्यांनीही तेच म्हटले असते.

आर्मस्ट्राँगची पदके गेल्यावर ती दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना द्यावीत का, हा प्रश्न आला. त्या वर्षांत पुढे असलेल्या अनेकांवर संशयाचे सावट होते. म्हणून टूर द फ्रान्सच्या यादीत १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे विजेत्याचे नावच नाही.